आढ्यावरचे कोने हलतायत, स्वतः बसवू का?

प्रश्न: गुहागरजवळ आमचं जुनं मंगलोरी कौलांचं घर. आढ्यावरचे सहा-सात कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, हाताने उचलले जातायत, खालच्या सिमेंटचा भुगा झालाय. माकडांची कृपा. गडी मिळत नाही, मृग तोंडावर आलाय. चढू का?

उत्तर: चढा, पण एकटे नको, शिडी धरायला खाली कोणीतरी हवंच. कौलाच्या मधोमध पाय देऊ नका. मी आडवी फळी टाकून बसतो. जुना माल छिन्नीने मुळापासून काढा. मी आळस करून त्यावरच नवा थापला होता. गणपतीत पाण्याची धार थेट मखरावर!

दुसरं उत्तर: एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, असा माल पुरे. सिमेंट जास्त घातलंत तर तडकतं. पुळणीवरची वाळू अजिबात नको, खारट असते. कोने आधी बादलीत भिजवा, कोरडं कौल मालातलं पाणी पिऊन टाकतं. माल दोन्ही कडांखालीच, पोकळी ठासून भरू नका. नंतर चार दिवस गोणपाट ओलं ठेवा.

प्रश्नकर्ता: आज तीन कोने काढले. खाली आढ्यालाच वाळवी! आता आधी सुतार शोधतो. तोवर वर ताडपत्री.