प्रतिसाद: ऑक्सिजन पेशीत ढकलतं कोण?
भाऊ, वर तुम्ही लिहिलंय की हृदयच ऑक्सिजन थेट पेशीत ढकलतं, ते अर्धंच बरोबर आहे. हृदय रक्त केशवाहिनीपर्यंत, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपर्यंत, नेऊन सोडतं, पुढचं काम डिफ्युजनचं, म्हणजे कण जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे आपोआप पसरण्याचं, आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला विसरण म्हणायचे.

आमच्या यावलकडे थंडीत पऱ्हाटीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला घेतली की दोन गल्ल्या सोडून वास जातो, आणि सर लोक हेच डिफ्युजनचं उदाहरण देतात, पण खरं तर तो वास वाऱ्याने येतो, नुसत्या डिफ्युजनवर राहिलं असतं तर भरीत खाऊन झालं तरी शेजाऱ्याला पत्ता लागला नसता 😀 नाकातल्या ओल्या थरातून पार जायचं शेवटचं पाऊल मात्र डिफ्युजनचंच. शरीरात पण सेम, रक्त म्हणजे वारा.

कारण डिफ्युजनमध्ये अंतर १० पट झालं की वेळ १०० पट होतो. पाण्यात ऑक्सिजनला १० मायक्रोमीटर जायला सेकंदाचा लहानसा भाग पुरतो, पण १ सेंटीमीटरला कित्येक तास! म्हणून तर बहुतेक पेशींच्या अगदी जवळून केशवाहिनी गेलेली असते.

फुप्फुसात हवा आणि रक्ताच्या मधला पडदा जेमतेम अर्धा मायक्रोमीटर, तिथे ऑक्सिजनचा दाब हवेकडून साधारण १०० मिमी (पाऱ्याचे) आणि येणाऱ्या रक्तात ४०, त्यामुळे पाव सेकंदात काम होऊन जातं. न्यूमोनियात तिथेच पाणी भरतं, मग दम लागणारच ना.

ग्लुकोजचं तेवढं वेगळं आहे, त्याला पेशीत शिरायला प्रथिनाचं दार लागतं.