मदत हवी आहे : अश्वगंधेचा अर्क आणि सूत्रकृमींचे आयुर्मान

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी अश्वगंधेच्या मुळांचा अर्क सी. एलिगन्स या सूत्रकृमींना देऊन त्यांचे आयुर्मान आणि ३५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तग धरण्याची क्षमता मोजत आहे. २० अंशांवर हे कृमी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात, त्यामुळे निष्कर्ष लवकर हाती येतात. शंका मात्र त्याहूनही लवकर येतात. या कृमींचे अन्न म्हणजे जिवंत ई. कोलाय जिवाणू असल्याने, अर्कामुळे त्या जिवाणूंचीच वाढ खुंटली, तर कृमींचे वाढलेले आयुष्य अर्काच्या गुणामुळे की केवळ अर्धपोटी राहिल्यामुळे (कमी अन्नानेही त्यांचे आयुष्य वाढते), हे कसे ओळखावे? हा घोळ टाळण्यासाठी जिवाणू आधीच मारून द्यायचे, तर ते उष्णतेने मारावेत की अतिनील किरणांनी? अर्क ज्यात विरघळवला आहे त्या डीएमएसओ या विद्रावकाचे प्रमाण, अर्क न दिलेल्या नियंत्रण गटातही तेवढेच ठेवले आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.