भाऊ 22 वर्षांचा, स्पेशल स्कूल संपली, आता दिवसभर घरीच. गोव्यात डिचोलीच्या आसपास कुणाला काही सुचतंय का?

डिचोलीची_ताई

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकते.

माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे, घरी आम्ही त्याला बाबू म्हणतो. सातव्या वर्षापासून स्पेशल स्कूलला जायचा. गाडी आठला यायची आणि हा साडेसातपासून बॅग मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला. गेल्या वर्षी शाळेने सांगितलं की आता वय झालं, लहान मुलं वेटिंगवर आहेत. त्यांचंही खरंच आहे, पण आमच्याकडे त्या दिवसानंतर सगळं थांबलंच. अजूनही आठच्या सुमारास कुठल्याही गाडीचा हॉर्न वाजला की तो दारात जाऊन उभा राहतो आणि आईला ते बघवत नाही.

आता टीव्ही, जेवण, झोप एवढंच चाललंय. वजन वाढलंय, दुपारी दोन-तीन तास झोपतो, आणि सगळ्यात वाईट वाटतं ते हे की बोलणं कमी झालंय, जे शब्द शाळेत असताना सहज यायचे ते पण आता खेचून काढावे लागतात. आई 58 ची, तिचे गुडघे गेलेत. बाबा सरकारी खात्यातून रिटायर झाले त्याला तीन वर्षं झाली. माझं लग्न म्हापशाला झालंय, रविवारी येते, सोमवारी परत.

त्याला काही येत नाही असं नाहीये हो. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालतो, पाववाला पोदेर आला की पाव मोजून घेतो (पाचपर्यंत पक्कं, पुढे गडबड), आणि गणेश चवथीच्या आरतीला घुमट-शामेळाच्या जोडीला कांसाळं, म्हणजे मोठी झांज, वाजवायला बसला की ठेका सुटत नाही, वाड्यावरची सगळी पोरं त्याच्याकडे बघून वाजवतात. पण चवथ वर्षातून एकदा.

बँकेत त्याच्या नावावर खातं उघडायला गेलो तर सही करता येत नाही म्हणून परत पाठवलं. नातेवाईक म्हणतात एखाद्या होममध्ये ठेवा, आईबाबांच्या मागे कोण बघणार. मी बघणार हे मी ठरवलंय, पण कसं, ते मला खरंच कळत नाहीये. ज्यांच्या घरी असं मोठं झालेलं मूल आहे त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही दिवस कसा भरला आणि पुढची सोय काय केली.

फोंड्याची_आई

ताई, तुझं वाचून पोटात कालवलं, कारण ते दारात जाऊन उभं राहणं आमच्याकडे दीड वर्ष चाललं होतं. माझा मुलगा 31 चा आहे, ऑटिझम आहे आणि बौद्धिक दिव्यांगत्वही.

आधी कागदाचं सांगते कारण त्यात आम्ही फार उशीर केला. मूल 18 चं झालं की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे कुणी सांगतच नाही. 1999 चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व येतं, बाबू त्यात बसतो. या कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटी असते, कलेक्टर तिचे प्रमुख. तिच्याकडे अर्ज करून लीगल गार्डियनचं सर्टिफिकेट घ्यायचं, कोर्टात जावं लागत नाही. फोंडा तालुका 2015 मध्ये दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला म्हणून आम्हाला मडगावला फेऱ्या पडल्या, तुम्ही डिचोलीवाले उत्तरेतच, तुमचं काम पणजीला. ते सर्टिफिकेट बँकांनी खातं उघडायला धरावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे, तेव्हा त्याची झेरॉक्स आणि बरोबर थोडा धीर घेऊन परत जा.

दुसरं, बाबा सरकारी पेन्शनर आहेत ना? मग आजच्या आज पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढून बघा बाबूचं नाव आहे का. स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळते, पंचविशीनंतरही, जन्मभर. वडील हयात असतानाच नाव घालून घेता येतं आणि तेव्हा सही करायला ते स्वतः असतात. आमच्या नात्यात एकांनी ठेवलं बाजूला, ते गेले, आणि मग त्या म्हाताऱ्या बाईने मेडिकल सर्टिफिकेटसाठी जे हेलपाटे घातले ते मी बघितलेत. मुलाच्या स्वतःच्या उत्पन्नाला मर्यादा असते, ते मात्र बाबांच्या खात्यात नीट विचारून घ्या.

निरामय आरोग्य विमा पण नॅशनल ट्रस्टचाच, वर्षाला एक लाखापर्यंत, आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तर असेलच.

पीएचसी_नर्स

मध्येच बोलते, पण ताई आधी त्याचं रक्त तपासा. थायरॉईड. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी काम करणं खूप कॉमन आहे, वजन वाढणं, झोप, सुस्ती, कमी बोलणं, तुम्ही लिहिलंय ते सगळं त्यात बसतं आणि घरचे समजतात शाळा सुटली म्हणून झालं असेल. दोन्ही असू शकतं. टीएसएच साधी टेस्ट आहे, खरं तर दर वर्षी करायला हवी. कानही दाखवा, मळ साचून ऐकू कमी येतं आणि मग माणूस उत्तर द्यायचं सोडून देतो. आणि रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, तेही डॉक्टरांना सांगा, यांच्यात ते बऱ्याच जणांना असतं आणि मग दिवसा झोप येते.

सत्तरीचा_सर

मी विशेष शिक्षक आहे, बरीच वर्षं झाली. शाळा सुटलेल्या मुलांचं दुःख आम्हालाही असतं, गाडी त्याच रस्त्याने जाते आणि तो मुलगा दारात दिसतो.

ताई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. घड्या, पाव, कांसाळं. यातल्या प्रत्येकाला ठरलेली वेळ आणि घराबाहेरचा एक माणूस जोडा. बाबूला नुसतं काम पुरणार नाही, शाळेत त्याला कुणीतरी वाट बघणारं होतं, ते गेलंय. वाड्यावर किती जण त्याला नावाने हाक मारतात ते कागदावर लिहून बघा. चवथीला वाजवणारी पोरं, पोदेर, पसऱ्यावरचा (दुकानातला) काका, देवळातले भटजी. मग एकेकाकडे जाऊन नेमकं मागा. "बाबूकडे लक्ष ठेवा" असं सांगितलं तर सगळे हो म्हणतात आणि कुणीच काही करत नाही, पण "गुरुवारी संध्याकाळी भजनाला त्याला तुमच्याबरोबर न्याल का, साडेसातला आम्ही परत घेऊन येऊ" असं विचारलं तर माणूस हो किंवा नाही सांगू शकतो. बहुतेक हो सांगतात, हा माझा अनुभव आहे.

शिकवताना आम्ही शेवटची पायरी आधी शिकवतो. म्हणजे पसऱ्यावरून दूध आणायचं असेल तर पहिले काही दिवस आईने सगळं करायचं, बाबूने फक्त पिशवी दुकानदाराच्या हातून घ्यायची. ते जमलं की पैसे देणं पण त्याचं. मग दुकानाच्या पायरीपर्यंत आई आणि पुढे तो. मग आई रस्त्याच्या अलीकडे. प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद त्याचा असतो. रस्ता ओलांडायचं मात्र घाईने सोडू नका, महिने लागू देत. आणि दिवसाचा तक्ता चित्रांचा करून भिंतीवर लावा, आठ वाजताच्या जागी काहीतरी हवंच, कारण त्याचं घड्याळ आठलाच वाजतं.

पर्वरीचं संजय स्कूल किंवा फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान, इथे जाऊन मोठ्या मुलांसाठी आत्ता काय चालू आहे ते एकदा समोर बसून विचारा.

पसरकार_पेडणे

माझा किराणा पसरा आहे. गावातला असाच एक तरुण सकाळी दोन तास येतो, चार वर्षं झाली. कडधान्याची पाकिटं भरून सील करतो. सुरुवातीला मला वाटलं आपण उपकार करतोय, ते लवकरच गेलं डोक्यातून, कारण वजनात त्याचा हात माझ्या मोठ्या मुलापेक्षा नीट आहे. महिन्याचे पैसे मी त्याच्याच हातात देतो, आईच्या नाही. गिऱ्हाईक त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून मला विचारतात, "याला समजतं काय?", तेव्हा मी सांगतो त्यालाच विचारा. एवढंच सांगायचं होतं, की दुकानदाराला विचारायला लाजू नका. आम्हाला काय काम देता येईल ते आम्हाला सुचत नाही, घरच्यांनी सांगावं लागतं याला हे जमतं म्हणून.

डिचोलीची_ताई

सगळ्यांचं वाचताना दोनदा मोबाईल खाली ठेवला. थायरॉईडचं तर कुणी कधी बोललंच नव्हतं, उद्याच नेते.

एक विचारायचंय काकू. गार्डियन म्हणजे त्याचे सगळे निर्णय आपणच घ्यायचे असं होतं का? मला त्याच्या तोंडून शब्द काढून घ्यायचे नाहीत. त्याला काय आवडतं काय नाही ते तो नीट सांगतो, वेळ दिला तर.

फोंड्याची_आई

छान प्रश्न विचारलास, मी तेव्हा विचारला नव्हता. गार्डियन लागतोय का आणि कशासाठी लागतोय, हे कमिटीने बघायचं असं त्या कायद्यातच आहे. तर अर्जात स्पष्ट लिहा, बँक, पेन्शन, मालमत्ता यासाठी म्हणून. नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर वर्षी हिशोब. गार्डियनने हेळसांड केली किंवा पैसे खाल्ले तर त्याला काढताही येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मर्यादित पालकत्वाचं आहे, म्हणजे दोघांनी मिळून, त्याची इच्छा धरून निर्णय घ्यायचा. घरात तर कपडे कुठले, जेवायला काय, कुणाकडे जायचं, हे त्यालाच ठरवू दे.

होमबद्दल एक सांगते. मी होमच्या विरुद्ध नाही, ज्यांचं कुणीच नाही त्यांना ते लागतंच. आम्ही एक बघून आलो होतो, स्वच्छ होतं, माणसंही बरी होती. पण माझा मुलगा तिथून निघताना गेटला धरून उभा राहिला आणि घरी आल्यावर दोन दिवस चप्पल काढेना. त्याला गावातला रस्ता, देऊळ, बाजूची वहिनी, कदंबा बसचा तोच कंडक्टर, हे सगळं मिळून घर वाटतं. मी गेल्यावर ते तरी जाग्यावर राहायला हवं, म्हणून आत्तापासून माझी भाची महिन्यातून दोन रात्री आमच्याकडे राहते, मी मुद्दाम बहिणीकडे जाते. पहिल्या वेळेला तो जेवला नाही. आता तीच आली की तिच्यासाठी ताट वाढतो.

ताई, तू पण रविवारी फक्त भेटायला येऊ नकोस, त्याला तुझ्याकडे म्हापशाला एक रात्र ने. तुझ्या घरातली त्याची गादी कुठली, बाथरूम कुठलं, हे आई असतानाच त्याला कळू दे. सासरच्यांनाही तो सवयीचा होऊ दे.

डिचोलीची_ताई

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. टीएसएच बराच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड कमीच काम करत होतं, डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, दोन महिन्यांनी परत टेस्ट. कानातून मळ काढला तेव्हा बाबू मोठ्याने हसला. बाबांनी पीपीओ काढून बघितला, नाव नव्हतं, अर्ज दिलाय. गार्डियनचे कागद गोळा करतेय.

आठ वाजताची जागा भरलीय. वाड्यावरच्या एका काकांचं लाँड्रीचं दुकान आहे, त्यांना सरांनी सांगितलं तसं नेमकं विचारलं, सकाळी एक तास घड्या घालायला येऊ दे का. ते म्हणाले, इस्त्रीजवळ नको, बाकी बसू दे. सध्या आई दाराशी बसते. काल त्याने तिला हाताने सांगितलं, तू जा.

गुरुवारच्या भजनाला दोन वेळा गेला. पहिल्यांदा अर्ध्यातून उठून आला, दुसऱ्यांदा शेवटपर्यंत बसला. भजनाला कांसाळं नसतात म्हणून रुसला होता, त्या लोकांनी त्याच्या हातात टाळ दिले. या शनिवारी त्याला म्हापशाला आणतेय, सासूबाईंनी स्वतःहून विचारलं त्याला जेवायला काय आवडतं ते.

पीएचसी_नर्स

ताई, ती गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबरच, आणि मग अर्धा-पाऊण तास चहा नाही. शनिवारी पिशवीत घालायला विसरू नका.