प्रतिसाद: परागाचं कवच पोटात विरघळत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की परागाचं कवच मधमाशीच्या पोटातल्या आम्लात विरघळतं. तसं होत नाही. ते कवच स्पोरोपोलेनिनचं, निसर्गातल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी एक. लाखो वर्षं गाळात टिकतं. मधपोटीच्या (मकरंद साठवायच्या पिशवीच्या) तळाशी असलेली झडप पराग गाळून मधल्या आतड्यात ढकलते. तिथे कण पाणी शोषून फुगतात, कवचावरच्या रंध्रांपाशी फुटतात आणि विकरं आतला ऐवज पचवतात. रिकामी टरफलं विष्ठेतून बाहेर पडतात, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखूही येतात! पराग पचवण्याचं काम मुख्यतः तरुण दाई माश्यांचं, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्यांचं, कारण अळ्यांचं खाद्य त्यांच्याच ग्रंथींतून येतं.

सगळे पराग सारखे पचत नाहीत, सारखे पौष्टिकही नसतात. कवचाची जाडी, रंध्रं वेगळी, प्रथिनंही वेगळी. मिरज-तासगावकडे मका फुलला की माश्या त्याचा पराग भरभरून आणतात, पण त्यात प्रथिनं बेताची. सूर्यफुलाचंही तेच. म्हणून नुसत्या मक्याशेजारी पेटी ठेवून वसाहत वाढेल असं मला वाटत नाही. महाबळेश्वरच्या रानात सातेरीला (आपल्याकडच्या देशी मधमाशीला) अनेक झाडांचा मिश्र पराग मिळतो. तसा मिश्र पराग मिळावा म्हणून सांगलीकडच्या मित्रांनी बांधावर शेवगा, तीळ, करडई जरूर लावावी.