लेझर कटिंगच्या ड्रॉइंगसाठी कॅड सॉफ्टवेअर सुचवा, बजेट २० हजार

शिरोली_शीटमेटल
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे. ब्रॅकेट, पॅनल, गार्ड असली कामं. लेझर कटिंग बाहेरून करून घेतो, त्यांना डीएक्सएफ लागते, म्हणजे कुठल्याही कॅडमध्ये उघडावी अशी ड्रॉइंगची फाइल. गिऱ्हाईक डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅडची फाइल पाठवतं, कधीमधी स्टेप म्हणजे थ्रीडी मॉडेलची. भाची आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन आलीय, तिला बसवायचंय. बजेट २० हजार, एकदाच. दरवर्षीचं भाडं नको, पायरेटेड तर अजिबात नको. काय घ्यावं?

भोसरी_मोल्ड
२० हजारांत काय होतंय साहेब! आम्ही थ्रीडीचं पूर्ण पॅकेज घेतलंय, पाच सीट. असेंब्ली फिरवून दाखवली की गिऱ्हाईक जागेवर ऑर्डर देतं. टूडीत अडकू नका. आधी ३२ जीबी रॅमचं मशीन घ्या.

नाशिकची_ड्राफ्टर
दादांनी टूडीचं विचारलंय. लिब्रेकॅड घ्या, फुकट आहे. सातपूरच्या कारखान्यांची ड्रॉइंग मी त्यातच करते. डीएक्सएफला काही अडचण नाही. डीडब्ल्यूजी मात्र काही उघडतात, काही अर्धवट येतात, आणि डीडब्ल्यूजीत सेव्ह होत नाही.

मुक्तस्रोत_पुणे
ताई, त्यामागचं कारण परवान्यात आहे. डीडब्ल्यूजीची आतली रचना ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीने जाहीर केलेली नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या ओपन डिझाइन अलायन्स या संघटनेने ती उलगडली, पण त्यांची लायब्ररी (फाइल वाचायचा तयार कोड) सभासदांसाठी. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची तशीच लिब्रेडीडब्ल्यूजी आहे, तिचा परवाना जीपीएल ३, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती. लिब्रेकॅडचा जीपीएल २, कारण ते क्यूकॅड नावाच्या दुसऱ्या कॅडच्या जुन्या कोडवरून आलं. दोन्ही मुक्त, तरी एकत्र बांधून वाटता येत नाहीत. इतक्या लोकांची मेहनत अशी दोन तुकड्यांत पडून राहते याचं मला खरंच वाईट वाटतं.

तात्या_टर्निंग
हे पुराण त्यांना कशाला? वापरणाऱ्याला जीपीएल २ काय नि ३ काय. भाचीने काढलेलं ड्रॉइंग तिचं, त्यावर परवाना लागत नाही. लिब्रेकॅड घ्या, फुकट आहे.

मुक्तस्रोत_पुणे
ड्रॉइंगचं म्हणणं बरोबर. पण फाइल का उघडत नाही ते कळायला नको?

हौशी_प्रिंटर
ऑटोडेस्कच्या फ्यूजन या थ्रीडी कॅडचा फुकटचा पर्सनल परवाना घ्या ना, मी घरी तोच वापरतो. एक नंबर.

नाशिकची_ड्राफ्टर
तो धंद्यासाठी चालत नाही. पायरेटेड नको म्हणणाऱ्या माणसाला हे सुचवू नका.

चाकण_फिक्स्चर
भाड्याच्या वाटेला जाऊच नका. आमची वर्गणी संपली आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाइकाने जुन्या फिक्स्चरमध्ये बदल मागितला. मूळ फाइल फक्त त्याच सॉफ्टवेअरची. पीडीएफवरची मापं वाचून सगळं नव्याने काढावं लागलं. विक्रेता म्हणे आधी रिन्यू करा, मग बोलू. अजून डोकं तापतं.

तात्या_टर्निंग
ऑटोकॅडचे नवे कायमचे परवाने २०१६ लाच बंद झाले. पूर्वी एकदा घेतलं की संपलं. आमचं जुनं अजून चालतंय, सोडणार नाही.

वाळूज_लेझर
मी लेझरवाला. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फाइल नीट द्या. डीएक्सएफची जुनी आवृत्ती आर१२, तिच्यामध्ये एकक नसतं, नुसता आकडा असतो. इंचातली फाइल मिलिमीटर समजून लागली की ४ इंचाचा पार्ट ४ मिलिमीटरचा होतो. म्हणून सोबत एक तरी माप लिहून पाठवा. आर१२ मध्ये स्प्लाइन (मुक्त वक्र) आणि एलिप्सही (लंबवर्तुळ) नाहीत. त्यांचे बारीक सरळ तुकडे होतात आणि कड खडबडीत येते. जमेल तिथे आर्क (वर्तुळाचा तुकडा) वापरा. एकावर एक पडलेल्या रेषा काढा, नाहीतर तिथे दोनदा कट बसतो. बेंडलाइन, म्हणजे पत्रा वाकवायच्या रेषा, वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर). यातलं निम्मं जरी लोकांनी केलं तरी आमचा किती पत्रा वाचेल!

भोसरी_मोल्ड
थ्रीडीतून फ्लॅट पॅटर्न (उलगडलेल्या पत्र्याचा सपाट आकार) काढला की हे प्रश्नच येत नाहीत.

वाळूज_लेझर
येतात. तुमच्यासारख्यांच्याच फाइली दुरुस्त करत बसतो.

नाशिकची_ड्राफ्टर
दादा, डीडब्ल्यूजीसाठी ओपन डिझाइन अलायन्सचा फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो, अख्खा फोल्डर डीएक्सएफ करून देतो. स्टेप उघडायला फ्रीकॅड, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. स्टेप हे आयएसओ १०३०३ मानक आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. त्यात आकार पूर्ण येतो, तो कसा घडवला याची नोंद सहसा येत नाही. तुम्हाला मापं घ्यायची असतील तर तेवढं पुरे.

शिरोली_शीटमेटल
सगळ्यांचे आभार. भाचीशी बोललो. तिचा हात ऑटोकॅडवर बसलाय आणि आमची दोन मोठी गिऱ्हाइकं बदल करून डीडब्ल्यूजीच परत मागतात. तेव्हा ऑटोकॅड एलटीचं, म्हणजे टूडीपुरत्या ऑटोकॅडचं, एक वर्षाचं भाडं भरतोय, बजेटच्या बाहेर गेलं तरी. स्टेपसाठी फ्रीकॅड टाकलंय. आणि जॉब संपला की डीडब्ल्यूजीसोबत डीएक्सएफ आणि पीडीएफ त्याच फोल्डरात ठेवायची, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

तात्या_टर्निंग
एवढं सगळ्यांनी सांगूनही भाडंच?

चाकण_फिक्स्चर
असू द्या तात्या, डीएक्सएफ ठेवतायत ना. शिरोलीकर, त्या फाइली अधूनमधून लिब्रेकॅडमध्ये उघडून बघत जा. हॅच (आतली रेघांची भरण), मापांचा फॉन्ट, ब्लॉक (एकत्र बांधलेले आकार) बिघडलेले दिसले तर एलटी चालू आहे तोवरच दुरुस्त करून घ्या.