भाच्याचं बीई सिव्हिल झालंय, लगेच कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला घालावं का? माझं मत: आधी साइट

ओळंबा:
भाचा यंदा बीई सिव्हिल झाला. माझगावला एका रिडेव्हलपमेंटच्या साइटवर ज्युनियर इंजिनियर म्हणून घेतायत, हातात 22 हजार. पण तो म्हणतो मामा नको, मी थेट कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं दोन वर्षांचं मास्टर्स करतो आणि मग प्लॅनिंगमध्येच लागतो. ताई-भाऊजी कर्ज काढून फी भरायला तयार आहेत. मी विरोध केला तर दोन आठवडे घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाहीये. म्हणून इथे मांडतोय, चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

माझं म्हणणं एवढंच की ज्याने अजून एकही स्लॅब स्वतः उभं राहून भरून घेतला नाही त्याने मॅनेजमेंट शिकायला जाऊ नये. मी डिप्लोमावाला, 21 वर्षं मुंबईतच साइटवर काढली. मागे आमच्याकडे असाच एक मुलगा आला, हुशार, कामाला वाघ. त्याने शेड्यूल केलं ते कागदावर खरंच सुंदर होतं, फक्त होळीनंतरच्या आठवड्यात त्याने तीन स्लॅब लावले होते. होळीला आमची निम्मी गँग गावाला गेलेली असते, सळया बांधणारे फिटर बिहारचे, साचे बांधणारी शटरिंगची पोरं मालदा-मुर्शिदाबादची, ती कधी परत येणार हे मुकादमाला फोन केल्याशिवाय कळत नाही आणि मुकादमाशी बोलायचं असतं हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरं, आरएमसी, म्हणजे प्लांटवरून गाडीने येणारं तयार काँक्रीट. रात्री दहानंतर आवाजाचे नियम, सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी जड गाड्यांना बंदी, मधल्या फटीत सगळा स्लॅब बसवायचा. प्लांटवर माल भरल्यापासून 2 तासांत तो उतरायला हवा आणि गाडी सायनला अडकलीय. गाडी येते तेव्हा माल घट्ट झालेला असतो, पंपवाला म्हणतो साहेब जरा पाणी मारा. त्या क्षणी "नाही, गाडी परत" असं म्हणायला जी छाती लागते ती वर्गात येत नाही, आणि परत पाठवली तर पुढची गाडी येईपर्यंत काँक्रीट कुठल्या जागी थांबवायचं हेही तिथेच दोन मिनिटांत ठरवावं लागतं. दोन वर्षं हे करू दे, मग खुशाल शिक.

प्लॅनिंगवाली_वडाळा:
दादा, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण मला पटलं नाही. मी हाच कोर्स केलाय, बीई झाल्या झाल्या, आणि आज 9 वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे.

तुम्ही सांगितलेलं सगळं काँक्रीटचं. मुंबईतली कामं काँक्रीटमुळे रखडतात का? वरळी सी लिंक बघा, साडेपाच किलोमीटरचा पूल, भूमिपूजन 1999 ला आणि पहिल्या चार लेन उघडल्या 2009 च्या जूनमध्ये. कोर्टातल्या याचिका, कोळी बांधवांचा विरोध, मध्येच बदललेलं डिझाइन, यात ती वर्षं गेली. व्हायब्रेटर नीट धरला नाही म्हणून नाही गेली.

छोटं उदाहरण देते, माझ्या डोळ्यासमोरचं. एका सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, 60 सभासद, प्रत्येकाला महिना 40 हजार भाडं. बिल्डिंग रंगून तयार. लिफ्टची ऑर्डर उशिरा दिली होती, कारण साइटवरच्या सगळ्या अनुभवी मंडळींच्या मते लिफ्ट हे शेवटचं काम. लिफ्ट उशिरा आली, मग तिचं लायसन्स उशिरा, फायर ब्रिगेडची फायनल एनओसी उशिरा, ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, अडकली. महिन्याला 24 लाख नुसतं भाडं, असे पाच महिने, करा हिशोब, 1 कोटी 20 लाख. आणि त्या पाच महिन्यांत दोन म्हातारे सभासद आपलं घर न बघता गेले, हे मला आजही लागतं. पहिल्या सेमिस्टरला क्रिटिकल पाथ शिकवतात तेव्हा हेच शिकवतात की कुठलं काम एक दिवस लांबलं तर आख्खा प्रोजेक्ट एक दिवस लांबतो. पद्धत जुनीच आहे, 1950 च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीने आपल्या कारखान्यांच्या कामासाठी वापरली. तुम्ही तेच डोक्यात करता, मान्य, पण 40 मजल्यांची हजारो कामं एका डोक्यात मावत नाहीत.

आणि एक गोष्ट राहिली, ती रागाने लिहितेय पण तुमच्यावर राग नाही. "आधी साइट" हा सल्ला मुलींना देताना जरा थांबा. मी कोर्सच्या आधी चार महिने साइट केली. बायकांसाठी संडास नव्हता. सकाळी सातपासून पाणी न पिता उभी राहायचे, युरिन इन्फेक्शन झालं. स्लॅब असला की मला घरी पाठवायचे, "ताई उशीर होईल, तुम्ही जा", म्हणजे जे शिकायचं तेच शिकू द्यायचं नाही. माझ्यासाठी तो कोर्स हा या धंद्यात शिरायचा दरवाजा होता. तो नसता तर मी आज कुठल्यातरी क्लासमध्ये अप्लाइड मेकॅनिक्स शिकवत असते.

ओळंबा:
ताई, शेवटचं वाचून थांबलो. आमच्या साइटवर आता बायकांचा वेगळा संडास आहे, पण तो गेल्या तीन वर्षांतला, त्याआधी नव्हता आणि मी कधी विचारलंही नव्हतं. मुलींना स्लॅबच्या वेळी घरी पाठवलंय मीसुद्धा. काळजी म्हणून पाठवलं, पण तुम्ही म्हणता ते बरोबर, त्यांचं शिकणं तिथे तुटलं.

पण भाचा मुलगा आहे, त्याला ही अडचण नाही. त्याच्यासाठी माझं मत अजून तेच. आणि लिफ्टचं म्हणाल तर ज्याने एकदा ओसीसाठी धावपळ केलीय तो पुढच्या वेळी लिफ्टची ऑर्डर पहिली देतो.

प्लॅनिंगवाली_वडाळा:
हो, पण ती एक वेळ त्या 60 कुटुंबांच्या खर्चाने शिकायची का?

क्यूब28:
मी क्वालिटीत आहे. ओळंबा दादांच्या बाजूने, आणि जरा कडक बोलणार आहे.

मॅनेजमेंट करून आलेली मुलं स्लॅब सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस, कमी करायच्या मागे असतात. दहाचा आठ, आठचा सात. बैठकीत टाळ्या पडतात. मग माझ्याकडे येतात, टेकू कधी काढू? काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनचा स्लॅब असेल तर टेकू 7 दिवस, त्यापुढे 14, सहा मीटरच्या वरचा बीम असेल तर 21. हे आकडे कुणी उगाच नाही लिहिले. काँक्रीट ताकद धरतं ते सिमेंट-पाण्याच्या हिशोबाने, तुमच्या एक्सेलच्या नाही. क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा, 28 दिवसांनी फोडून तपासतात तोवर वर चार स्लॅब झालेले असतात, तो फेल गेला तर कोण जाणार खाली सांगायला?

2013 ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याची इमारत पडली, बेकायदा, वर काम चालू आणि खाली माणसं राहायला, 74 जीव गेले. ती गोष्ट मॅनेजमेंट शिकलेल्यांची नाही, मला माहितीये, पण घाई म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं आणि तेव्हापासून कुणी "सायकल" हा शब्द काढला की मी आधी टेकू मोजतो.

प्लॅनिंगवाली_वडाळा:
क्यूब28, तुमच्यासारखा क्वालिटीवाला प्रत्येक साइटवर हवा. पण मुलगा बीई आहे, 456 शिकूनच आलाय. आणि चांगला प्लॅनर टेकूचे दिवस आधी धरतो आणि जास्तीचे टेकू मागवतो. दिवस खाणारा प्लॅनर वाईट आहे म्हणून प्लॅनिंगच वाईट, असं नका करू.

लालबागचा_कंत्राटदार:
दोघांचं वाचलं. माझं शिक्षण दहावी. वडील गिरणीत होते, 82 च्या संपानंतर घरात पैसाच येईना, मी काकांच्या हाताखाली गवंडीकामाला लागलो. ओळंबा, गुण्या, लेव्हल पट्टी हीच माझी शाळा. आजही 8 एमएमचा बार मीटरला 395 ग्रॅम, 12 चा 888, 16 चा 1 किलो 580 तोंडपाठ आहे, वाळूचा ढीग बघून किती ब्रास ते सांगतो आणि फार चुकत नाही. तेव्हा वाटेल की मी साइटच्या बाजूने बोलणार.

नाही बोलणार. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या बिल्डरचं काम घेतलं, नाव सांगत नाही. ड्रॉइंगच चार महिने उशिरा मिळाले, आम्ही माणसं बसवून ठेवली, रोज फोन करायचो, साहेब ड्रॉइंग द्या, साहेब म्हणायचे देतो देतो. काम चार महिने लांबलं. शेवटच्या आरए बिलात, म्हणजे झालेल्या कामाच्या बिलात, त्यांनी उशिराचा दंड कापला. मी म्हटलं अहो उशीर तुमचा. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट काढून दाखवलं, त्यात लिहिलेलं की मुदतवाढ हवी तर कारण घडल्यापासून 28 दिवसांत लेखी कळवा, नाही कळवलं तर हक्क गेला. मी एक पत्र लिहिलं नव्हतं. एक पत्र! फोनवर सगळं. 38 लाख गेले, बायकोचे दागिने गेले, गँगचे पैसे फेडायला नालासोपाऱ्याचा फ्लॅट विकला. नंतर वकिलाने सांगितलं की असा 28 दिवसांचा नियम फिडिकच्या, म्हणजे इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, कॉन्ट्रॅक्टमध्येही असतो, जगभर चालतो. मी फिडिक हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला, 30 वर्षं धंदा करून.

माझ्या मुलाला मी त्याच कोर्सला घातलं. तो आता माझी पत्रं लिहितो. ओळंबा भाऊ, काँक्रीट शिकायला माणूस साइटवर मिळतो, मिस्त्री हाताला धरून शिकवतो. कॉन्ट्रॅक्ट शिकवणारा साइटवर कोणीच नसतो, कारण ज्याला येतं तो समोरच्या बाजूला बसलेला असतो.

ओळंबा:
भाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही. मीही फोनवरच करतो सगळं.

भांडुपची_आई:
तुम्ही सगळे अनुभवी, मी फक्त पैशाचं विचारते. माझी मुलगी थर्ड इयर सिव्हिलला आहे, तिच्याही डोक्यात हेच आहे. खाजगी कोर्सची फी ऐकून पोटात गोळा आला. कर्ज काढलं आणि नोकरी 30 हजाराचीच लागली तर हप्ता कुठून द्यायचा? मुलीला अडवायचं नाहीये मला.

प्लॅनिंगवाली_वडाळा:
काकू, कर्जाआधी गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, विचार करा. गेटमधून एमटेकला प्रवेश मिळाला तर तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, स्कॉलरशिप महिना 12,400 असते. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्येच कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं एमटेक आहे, म्हणजे भांडुपहून लोकलने येणं-जाणं, हॉस्टेलचा खर्च नाही. निकमारसारखी संस्था 1983 पासून याच क्षेत्रात आहे, ती वाईट असं मी म्हणत नाही, पण तो खर्च वेगळा. कुठेही जा, फी भरायच्या आधी तिथल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा की इंटर्नशिप किती महिने आणि खरोखर साइटवर की ऑफिसात बसून पीपीटी.

आणि ओळंबा दादा, गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो. भाच्याने फेब्रुवारीत गेट दिली आणि नोकरी धरली तर तुमचंही होतंय आणि त्याचंही. हे मी तुमच्या बाजूने नाही बोलत, कर्जाच्या विरोधात बोलतेय.

मुलुंडकर:
एक भर घालतो. माझा धाकटा भाऊ ब्रिटनमध्ये आहे. तिकडे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट ही बारावीनंतरची पदवीच असते आणि बऱ्याच ठिकाणी मध्ये एक आख्खं वर्ष कंपनीत काम, पगारासकट, मग शेवटचं वर्ष परत वर्गात. भाऊ सांगतो की त्या वर्षानंतर वर्गातले प्रश्नच बदलतात, आधी सगळे विचारायचे परीक्षेत काय येणार, नंतर विचारतात की सब-काँट्रॅक्टर निघून गेला तर काय करायचं. आपल्याकडे हे दोन तुकडे वेगवेगळे ठेवलेत म्हणून मामा-भाचे भांडतायत.

क्यूब28:
पटलं हे. तरी भाच्याला सांगा, पहिला क्यूब स्वतः भर. तीन थर, प्रत्येक थराला टॅम्पिंग रॉडने 35 ठोके, हात दुखले पाहिजेत.

ओळंबा:
काल ताईकडे गेलो होतो. कंत्राटदार भाऊंचं वाचून दाखवलं, भाऊजी बराच वेळ गप्प बसले. भाचा माझगावची नोकरी धरतोय, गेटचा फॉर्म भरणार आहे. साइट आधी यावर मी अजून ठाम आहे, पण मास्टर्स नको हे मी आता म्हणत नाही, आणि कर्जाचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. मी स्वतः काल रात्री आमच्या चालू कामाचं कॉन्ट्रॅक्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. आमचे 28 नाहीत, 14 दिवस आहेत.

भांडुपच्या ताई, शनिवारी परळला आमचा 11 वा स्लॅब आहे, सकाळी सातला सुरू. मुलीला यायचं असेल तर येऊ दे, सगळा स्लॅब संपेपर्यंत थांबू दे, मी कुणाला तिला घरी पाठवू देणार नाही. नंतर भांडुपला सोडायची जबाबदारी माझी.

भांडुपची_आई:
मुलगीच टाइप करतेय काका. येते. सेफ्टी शूज माझे आहेत, हेल्मेट तेवढं लागेल. आणि गाडी परत पाठवायची वेळ आली तर मला बाजूला उभं राहून बघायचंय.