एमयूएनमध्ये 'भारत' मिळालाय आणि विषय कांदा निर्यातबंदी. घेऊ की बदलून मागू?

चाळीतला

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एसवायबीएला आहे, अर्थशास्त्र. गाव येवला तालुक्यात, घरी कांदा. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून लांबण लावतोय.

आमच्या कॉलेजात दरवर्षी एमयूएन होतं. म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नक्कल. एकेका पोराला एकेक देश, समोर देशाच्या नावाची पाटी, आणि दोन दिवस भाषणं, चिठ्ठ्या, ठराव. पोरं त्याला 'मन' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सायकॉलॉजीवाल्यांचं काहीतरी असेल.

गेल्या वर्षी रूममेटच्या नादाने नाव दिलं. फी १२००. ब्लेझर त्याच्या चुलत भावाचा, बाह्या दोन बोटं लांब. कमिटी डब्ल्यूटीओची, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेची, विषय अन्नपदार्थांच्या निर्यातीवरचे निर्बंध, आणि मला देश आला बांगलादेश. पोरं हळहळली, कारण सगळ्यांना अमेरिका नाहीतर चीन पाहिजे असतो. मी मात्र खूश. बांगलादेश म्हणजे आमच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. आमच्याकडे 'बांगला' हा शब्द मी शाळेत नकाशा बघायच्या आधीपासून ऐकतोय. 'बांगला चालू आहे का?' 'बांगलाच्या गाड्या बॉर्डरला उभ्या आहेत.' बांगला चालू असला की घरात बोलण्याचा आवाज वेगळा असतो.

अभ्यास दाबून केला. भारताने २०१९च्या सप्टेंबरअखेर निर्यात बंद केली, २०२०च्या सप्टेंबरात परत, २०२३च्या डिसेंबरात परत. २०१९ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा भर कार्यक्रमात हिंदीत म्हणाल्या होत्या की कांदा का बंद केलात माहीत नाही, मी आचाऱ्याला सांगितलंय की आता स्वयंपाकात कांदा घालू नकोस. पहिलं भाषण मी त्याच्यावरच सुरू केलं. लोक हसले. अंगात आलं.

मग दुसऱ्या दिवशी एका मिनिटाच्या भाषणात तोंडातून निघून गेलं, 'माय फादर...' चेअरने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, टेबलावर ठोकलं. एमयूएनमध्ये 'मी', 'माझं' म्हणायचं नसतं, 'बांगलादेशचे प्रतिनिधी' म्हणायचं असतं. वर विचारलं, 'बांगलादेशच्या प्रतिनिधींचे वडील ढाक्याला असतात का?' हॉल हसला. मी बसलो. नियम तसाच आहे, त्यांची चूक नाही. पण ते वाक्य घशात राहिलं ते राहिलंच.

वाक्य असं होतं. २०२३चा डिसेंबर, मी बारावीला. ७ तारखेला रात्री निर्यातबंदीचा आदेश आला. त्याच दिवशी शेजारच्या काकांचा लाल कांदा क्विंटलला ३८०० ने गेला होता. पुढच्या आठवड्यात आमचा ट्रॅक्टर १८५० ने गेला. मी बरोबर होतो. नानांनी, म्हणजे वडिलांनी, हिशोबपट्टी बघितली, चौघडी केली, टोपीत खोचली आणि म्हणाले, 'चहा घ्यायचा का?'

आता खरी गंमत पुढे आहे. एमयूएन झाल्यावर महिनाभराने परदेशी विद्यार्थ्यांचा दिवस होता. देशोदेशीची पोरं आपापल्या खाण्याचे स्टॉल लावतात, आपण कूपन घेऊन हिंडायचं. बांगलादेशच्या स्टॉलवर बटाट्याचा भर्ता होता. उकडलेला बटाटा, मोहरीचं तेल, लाल मिरची आणि बचकभर कच्चा कांदा. कालवणारा मुलगा पाबना जिल्ह्यातला. मी फुशारकीने सांगितलं की मी बांगलादेश होतो, तुमच्या बाजूने भांडलो, भारताने कांदा बंद करू नये म्हणून. त्याचा हात थांबला. त्याच्या सिनेमातून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, 'कौन सा बांग्लादेश? ढाका वाला या पाबना वाला?'

त्याच्या मामाचा कांदाच आहे. पाबना म्हणजे त्यांचं निफाड-येवलाच म्हणा. भारताने बंद केलं की मामाला भाव मिळतो. आणि मार्चमध्ये त्यांचा कांदा निघतो तेव्हा आमच्या गाड्या आत गेल्या की मामा आम्हाला शिव्या घालतो. २०२३च्या मार्चमध्ये त्यांच्या सरकारने त्यासाठीच आयातीचे परवाने थांबवले होते, जूनपर्यंत. मी जिवाच्या आकांताने ज्या बांगलादेशची बाजू मांडली त्यात हा मामा कुठे नव्हताच. माझ्या सोळा पानांच्या फाईलमध्ये पाबना हा शब्दसुद्धा नव्हता.

तर आता प्रश्न. यंदा परत एमयूएन आहे, विषय थेट 'निर्यातबंदी', आणि मला आलाय भारत. लोक भारतासाठी ओळखी लावतात. पण मला २०२३च्या बंदीचं समर्थन करायचंय. शुक्रवारपर्यंत देश बदलून मिळतो. बदलू का? आणि घेतलाच, तर बंदीच्या बाजूने मनापासून बोलता येईल असं खरंच काही आहे का?

ठोकळा

मी चार वर्षं एमयूएन केलं, त्यातली दोन चेअर म्हणून. (तुझी चेअर मी नव्हते!) देश अजिबात बदलू नकोस. ज्याच्यावर राग आहे त्याची बाजू मांडायला मिळणं हाच तर या खेळातला सगळ्यात अवघड आणि मजेचा भाग आहे.

मुद्द्याचं. तुझा आधार गॅटचं, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मूळ व्यापार कराराचं, कलम ११. निर्यातीवर बंदी घालू नये हा नियम, पण अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळायला तात्पुरती बंदी चालते हा अपवाद. सगळं भांडण 'तीव्र' आणि 'तात्पुरती' या दोन शब्दांवर होईल. बंदी आधी ३१ मार्च २०२४पर्यंत होती, मग वाढवली, ४ मेला उठली. 'तात्पुरती म्हणजे किती?' असं कोणीतरी विचारणारच. त्यावर हुकमाचं पान ठेव: १ मार्च २०२४ला भारताने सरकारी मार्गाने ६४,४०० टन कांदा सोडला, त्यातला ५०,००० टन बांगलादेशला आणि १४,४०० यूएईला. म्हणजे दार लावलं, पण खिडकी उघडी होती.

सापळा एकच. डब्ल्यूटीओच्याच शेती कराराच्या कलम १२नुसार बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशांचा विचार करायचा असतो आणि आगाऊ कळवायचं असतं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण तो देश त्याच वस्तूचा निव्वळ निर्यातदार (आणतो त्यापेक्षा जास्त बाहेर पाठवणारा) असेल तर सूट नाही. कांद्यात आपण आहोत. अभ्यास केलेलं एखादं पोर हे काढेल. उत्तर तयार ठेव.

आणि 'माय फादर' म्हणायचं नसेल तर 'नाशिक जिल्ह्यातला एक उत्पादक' म्हण. तेच वाक्य आहे. मी तरी ठोकलं नसतं.

पिंपळपारावरून

१२०० रुपये देऊन कोट घालून भांडायचं? आमच्या ग्रामसभेत फुकट आहे, चहा वर.

वांधा_नाही

भाऊ, मी उमराण्याकडचा, नाशिक जिल्ह्यातलाच. थोडी शेती, थोडी खरेदी. बंदीच्या बाजूने बोल खुशाल, पण गावाकडे येताना रात्रीच्या गाडीने ये.

चेष्टा सोड. त्या पोरांना टन आणि डॉलर कळतात, आपल्याला क्विंटल. दोन्ही पाठ कर. ४ मेला बंदी उठली तेव्हा टनाला किमान ५५० डॉलर भाव (त्याखाली बाहेर विकायचा नाही) आणि वर ४० टक्के शुल्क होतं. ५५० डॉलर म्हणजे किलोला ४६ रुपये. शुल्क धरून ६४. आमच्याकडे तेव्हा उन्हाळ कांदा त्या ४६च्या निम्म्यालाही जात नव्हता. बाहेरचा कोण वेडा ६४ ने घेईल? आणि तारखा बघ: ४ मेला बंदी उठली, २० मेला नाशिक-दिंडोरीत मतदान. समोरच्याने हे विचारलं तर तू काय सांगणार ते आधी ठरव.

तुझ्या बाजूचंही एक सांगतो, रागावू नको. बंदीच्या आधी, २०२३च्या २६ नोव्हेंबरला आमच्याकडे गारा झाल्या. काढायला आलेला लाल कांदा शेतात सडला. माल कमी पडणार हे मार्केटमध्ये सगळ्यांना दिसत होतं. टंचाईची भीती खोटी नव्हती. फक्त एका रात्रीत आदेश काढला ते चुकलं. लोडिंग सुरू झालेला माल तेवढा जाऊ दिला, बाकीच्याने काय करायचं?

ताटवाढी

मी पुण्यात विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. हा धागा मुलीने दाखवला. तुला 'मनापासून' हवंय ना, मग मी सांगते.

माझा दर जूनमध्ये ठरतो, महिन्याचा, आणि मे महिन्यापर्यंत तोच राहतो. मध्ये वाढवला की पोरं शेजारच्या गल्लीत जातात. २०२३च्या नोव्हेंबरात मी कांदा ७० रुपये किलोने आणलाय. साठ पोरांना दोन वेळा वाढायचं तर दिवसाला सात-आठ किलो लागतो, नुसत्या फोडणीला आणि वाटणाला. बरोबर चिरून द्यायचा बंद केला, कोबीची कोशिंबीर केली, तर एकाने वहीत लिहिलं, 'काकू, हे काय?' रस्सा दाट व्हायला मी भाजलेलं डाळीचं पीठ लावलं, ते ओळखणारं मात्र एकही निघालं नाही.

ती बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पुढच्या पंधरा दिवसांत मी तीस-पस्तीसने आणला. तुझ्या नानांचा ट्रॅक्टर १८५० ने गेला तो असा माझ्या कढईत आला. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आज वाचलं.

आता तू त्या हॉलमध्ये कोणाच्या बाजूने बोलणार विचारशील तर माझ्या. फक्त सरकारसारखं 'ग्राहक ग्राहक' करू नकोस. साठ पोरांची खानावळ म्हण.

बर_दुबई

सातारकर, चौदा वर्षं दुबईत, भाजीच्या होलसेलमध्ये नोकरी. थोडक्यात लिहितो, ड्यूटीवर आहे.

बंदी आली त्या आठवड्यात अल अवीर मार्केटला नुसती पळापळ. इजिप्तने आपला कांदा ऑक्टोबरपासूनच बंद केलेला होता, त्यामुळे तुर्की आणि इराणवर सगळ्यांची उडी. तुर्की कांदा मोठा, पाणचट. पोह्यात घातला की शिजत नाही, विरघळतो. बायको म्हणाली हे पोहे नाहीत, हा उपमा आहे.

पण हॉटेलवाल्यांना सवय लागली. आपला कांदा परत आला तेव्हा एक लेबनीज गिऱ्हाईक मला म्हणाला, तुमचा माल चांगला आहे, पण तुमचं सरकार सकाळी काय करेल ते रात्री माहीत नसतं. हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. मला तरी याच्यावर उत्तर सुचलं नव्हतं, मी त्याला दहा टक्के कमी लावले.

चाळीतला

सगळ्यांचे आभार. @ताटवाढी, काकू, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या मेसलाही तेव्हा कोबी असायचा असं सीनियर सांगतात. तुमचीच मेस असेल तर मोठीच गंमत.

भारत घेतोय. मेल करून टाकला.

रात्री नानांना फोन लावला. म्हटलं, यंदा मी भारत आहे आणि बंदी बरोबर होती असं बोलायचंय. थोडा वेळ नुसता मोटारीचा आवाज येत होता, पाणी भरत होते. मग म्हणाले, 'कोणापुढं?' म्हटलं, पोरांपुढंच. 'मग बोल. किती वेळ देतात?' म्हटलं, दीड मिनिट. तर म्हणाले, 'दीड मिनिटात तर वांधा पण मिटत नाही.' मी त्यांना खानावळीचं वाचून दाखवलं. ७० रुपये ऐकल्यावर विचारलं, 'त्या बाईंना ७० पडला, तेव्हा आपल्याला किती पडला होता?' मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होता. तारीख आणि वजनासकट सांगितला. तो आकडा मी भाषणात घेतोय, 'नाशिक जिल्ह्यातला एक उत्पादक' म्हणून. भारताच्या बाजूने बोलताना तो कसा बसवायचा ते अजून जमलेलं नाही. ठोकळाताई, पोझिशन पेपर (देशाची भूमिका लिहून द्यायची असते तो) मेसेजमध्ये पाठवतो, लाल पेन घेऊन बसा.

एक राहिलंच. पाबनावाल्यालाही मी यंदा ओढलाय. त्याला बांगलादेश पाहिजे होता, मामाची बाजू मांडायची होती. त्याला आलाय इजिप्त. बर_दुबई काकांनी सांगितलंच आहे की त्यांनीही २०२३ला कांदा बंद केला होता. म्हणजे येवला आणि पाबना आता शेजारी शेजारी बसून निर्यातबंदी कशी योग्य आहे ते सांगणार. तो दोन दिवस हसतोय.

त्याच्याकडेही ब्लेझर नाही. ३८ साईजचा कोणाकडे असेल, कर्वे रोडच्या आसपास, तर सांगा. ड्रायक्लीन करून परत देऊ.